थिन-फिल्म की क्रिस्टलाइन? आधी गच्चीवर टेप धरा

"दाजी, थिन-फिल्म घेऊ का मोनो?" बार्शीहून मेव्हण्याचा फोन. सोलरवाला समोर बसलेला, चहा अर्धा झालेला आणि याला उत्तर लगेच हवं. मी विचारलं, गच्ची किती फुटांची? माहीत नाही. टाकीची सावली दुपारी कुठे पडते? बघितलं नाही. महिन्याला युनिट किती जळतात? "बिल अडीच हजार येतं." म्हटलं, त्याला चहा पाजून पाठव, आपण रविवारी बोलू.

त्या रविवारी जे बोलणं झालं तेच इथे क्रमाने लिहितोय. उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच उत्सुकता ताणायला नको: घराच्या गच्चीसाठी जवळजवळ नेहमी क्रिस्टलाइन सिलिकॉनच (मोनो हा त्याचाच एक प्रकार) घ्यावं लागतं. जगात विकल्या जाणाऱ्या पॅनलमध्येही थिन-फिल्मचा वाटा शेकडा पाचाच्या आतच आहे. पण हे उत्तर का येतं ते कळलं नसेल, तर "उन्हाळ्यात थिन-फिल्मच भारी" किंवा "मोनोवर सावली पडली की बंदच" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की माणूस गडबडतो. दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणूनच ती खपतात.

पायरी 1: समोर काय ठेवलंय ते ओळखा

क्रिस्टलाइन पॅनलमध्ये सिलिकॉनच्या स्फटिकाच्या चकत्या असतात. वितळलेल्या सिलिकॉनमधून एक लांबलचक दंडगोल हळूहळू वर ओढून काढतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. एकेक चकती साधारण 150 मायक्रॉनची, म्हणजे दोन केस एकमेकांवर ठेवले तर होईल तेवढी. हे झालं 'मोनो': रंग काळपट, चौकोनाचे कोपरे किंचित छाटलेले. 'पॉली' निळं दिसतं आणि आत फुटलेल्या काचेसारखी नक्षी असते. पॉली आता नव्या मालात क्वचितच दिसतं. कुणी फार स्वस्तात देत असेल तर जुना साठा खपवतोय असं खुशाल समजा. दोन्हींमध्ये काचेजवळ डोळा नेलात की चांदीच्या बारीक रेघा दिसतात. चकतीत तयार झालेली वीज त्याच गोळा करतात.

थिन-फिल्ममध्ये चकती नसतेच. काचेवर किंवा एखाद्या लवचीक पातळ पत्र्यावर वीज तयार करणाऱ्या पदार्थाचा थर चढवतात, तोही दोन-तीन मायक्रॉनचा. एवढ्या पातळ थराने कसं भागतं? सिलिकॉनचा स्फटिक प्रकाश शोषायला जरा आळशी असतो, म्हणून त्याला जाडी लागते. कॅडमियम टेल्युराइडसारखे पदार्थ तोच प्रकाश केसाच्या विसाव्या हिश्शात पिऊन टाकतात. या पॅनलचा पृष्ठभाग एकसारखा गडद दिसतो, चौकोन नसतात. निरखून पाहिलं तर लेझरने आखलेल्या बारीक समांतर रेषा तेवढ्या दिसतात.

थिन-फिल्मचे बाजारात आलेले मुख्य प्रकार तीन. अमॉर्फस सिलिकॉन तुम्ही शाळेत असतानाच वापरलं आहे: सोलर कॅल्क्युलेटरवरची ती तपकिरी पट्टी. त्याची कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशातला विजेत बदलणारा वाटा) 6 ते 8 टक्के आणि तीही पहिल्या काही महिन्यांच्या उन्हात घसरून आलेली. हा दोष 1977 मध्ये स्टेब्लर आणि व्रॉन्स्की या दोघांनी दाखवला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि आजही पुरता गेलेला नाही. दुसरं कॅडमियम टेल्युराइड, आजचं सगळ्यात यशस्वी थिन-फिल्म. चांगल्या पॅनलची कार्यक्षमता 18-19 टक्के. तिसरं तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचं मिश्रण, म्हणजे सीआयजीएस. जपानच्या सोलर फ्रंटियरने त्यात बरीच वर्षं घालवली आणि शेवटी उत्पादन थांबवलं.

आपल्याकडे थिन-फिल्मचं नाव एवढं कानावर पडण्यामागे एक सरकारी गंमत आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा अट अशी होती की क्रिस्टलाइन पॅनल भारतात बनलेलंच हवं. थिन-फिल्मला मात्र ही अट नव्हती. मग मोठमोठ्या प्रकल्पवाल्यांनी अमेरिकेतून थिन-फिल्म आणून राजस्थानच्या वाळवंटात अंथरलं. तांत्रिक गुण होतेच, पण खरा गुण नियमातल्या फटीचा होता.

आता सगळ्यात मोठा सापळा. ऑनलाइन 'फ्लेक्झिबल सोलर पॅनल' म्हणून जे वाकणारं पॅनल मिळतं, त्याला लोक सरसकट थिन-फिल्म म्हणतात. मेव्हण्यानेही एक मागवलं होतं, शेतातल्या खोपीसाठी. मी भिंग लावून दाखवलं: चौकोन, छाटलेले कोपरे, चांदीच्या रेघा. नेहमीचं मोनोच, फक्त काचेऐवजी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आतल्या चकत्या वाकवल्या की तडकतात आणि ती तड डोळ्यांना दिसत नाही. दोन उन्हाळ्यांत प्लॅस्टिक पिवळं पडलं. वाकतं म्हणून थिन-फिल्म, असं समजू नका.

पायरी 2: गच्ची मोजा

आधी बिल काढा आणि वर्षभराचे युनिट बघा, रुपये नव्हे. महाराष्ट्रात 1 किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात, महिन्याला 120. मेव्हण्याचे निघाले 300 च्या आसपास, म्हणजे अडीच किलोवॉट. पुढे फ्रीज-एसी वाढणारच, म्हणून 3 धरू.

आता तेवढ्यासाठी नुसत्या पॅनलला किती जागा लागेल? 21 टक्क्यांचं मोनो घेतलं तर साधारण 154 चौरस फूट. 18 टक्क्यांचं कॅडमियम टेल्युराइड घेतलं तर 180. आणि 7 टक्क्यांचं अमॉर्फस घेतलं तर 460 चौरस फूट! यात चालायची वाट आणि रांगांमधलं अंतर धरलेलं नाही. ते धरून मोनोसाठी किलोवॉटला 100 चौरस फूट हा सोलरवाल्यांचा ढोबळ हिशेब बरोबर आहे.

पॅनल वॉटवर विकतात, पण बाकीचा खर्च चौरस फुटावर चढतो. लोखंडी स्ट्रक्चर, नटबोल्ट, केबल, फाउंडेशनचे ठोकळे, मजुरी, पुढे दर पंधरवड्याला धुणं, हे सगळं जागा वाढली की वाढतं. म्हणून प्रतिवॉट स्वस्त दिसणारं कमी कार्यक्षमतेचं पॅनल घरी येईपर्यंत महाग होतं. वाळवंटात जमीन भरपूर, तिथे हे गणित वेगळं पडतं. आपल्या गच्चीवर टाकी आहे, वाळवणाची जागा आहे, आईची तुळस आहे.

पायरी 3: सावली बघा, पण मे महिन्यात नको

मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सोलापूर-पुण्यात पहिल्या पंधरवड्यात, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. त्या सुमाराला गच्ची पाहिलीत तर दुपारी कुठेच सावली नाही असं वाटेल आणि जानेवारीत कपाळाला हात लावाल. डिसेंबरात सोलापुरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवरच असतो. जिन्याची 9 फुटी खोली तेव्हा उत्तरेकडे जवळजवळ 8 फूट सावली टाकते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला त्याहून कितीतरी लांब. डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर मोबाइलवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारी ॲप मिळतात, ती गच्चीवर उभं राहून वापरा. शेजारच्यांच्या नारळाकडेही बघून घ्या. झाड दरवर्षी वाढतं. शेजाऱ्याला ते तोडायला सांगण्याची हिंमत तुमच्यात आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता ते 'मोनो बंद पडतं' प्रकरण. क्रिस्टलाइन पॅनलमध्ये सगळे सेल, म्हणजे त्या चकत्या, माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एका सेलवर सावली आली की ती पूर्ण माळ अडते. म्हणून पॅनलच्या पाठीवरच्या डब्यात बायपास डायोड असतात, बहुधा तीन. ते अडलेला तिसरा हिस्सा बाजूला काढतात आणि उरलेले दोन चालू राहतात. आताच्या 'हाफ-कट' पॅनलमध्ये वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगळा चालतो, त्यामुळे खालच्या कडेवर कठड्याची सावली पडली तरी वरचा भाग काम करतो. बंद पडत नाही, पण नुकसान सावलीच्या आकारापेक्षा मोठं होतं, हे खरं.

थिन-फिल्मचे सेल म्हणजे पॅनलभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या अरुंद पट्ट्या. सावली या पट्ट्यांना आडवी पडली तर प्रत्येक पट्टीचा थोडा भाग झाकतो आणि वीज सावलीच्या प्रमाणातच घटते. हा थिन-फिल्मचा खरा फायदा. पण सावली पट्टीच्या लांबीतच पडली तर अख्ख्या पट्ट्या झाकतात आणि फायदा संपतो. तेव्हा थिन-फिल्म घेणार असाल तर पॅनल उभं की आडवं, हे सावली कुठून येते ते पाहून ठरवावं लागतं. बसवणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा. तो "काही फरक पडत नाही" म्हणाला तर फरक त्याला माहीत नाही.

पायरी 4: उन्हाचा हिशेब कागदावर करा

पॅनलवर लिहिलेले वॉट मोजले जातात ते प्रयोगशाळेत: चौरस मीटरला 1000 वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश. आपल्याकडे एवढं कडक ऊन आणि एवढा गारवा एकत्र कधी नांदत नाहीत. मे महिन्यात हवा 42 असेल तर पॅनल 70 अंशांना टेकतं. गरम झालं की व्होल्टेज उतरतं आणि वीज घटते. किती घटते ते डेटाशीटवर 'तापमान गुणांक' म्हणून वजा चिन्हासह छापलेलं असतं. सोलरवाला दाखवत नसेल तर मागून घ्या, हा आकडा तुमच्या हक्काचा आहे.

पर्क या नेहमीच्या मोनो पॅनलला तो साधारण 0.35 टक्के प्रतिअंश असतो, टॉपकॉन या मोनोच्याच नव्या प्रकाराला 0.30 आणि कॅडमियम टेल्युराइडला 0.28 च्या आसपास. 25 वरून 70 म्हणजे 45 अंशांची वाढ. 3 किलोवॉटवर हिशेब असा येतो: पर्क 2530 वॉटवर येतं, टॉपकॉन 2595 वर, थिन-फिल्म 2620 वर.

म्हणजे पर्कशी तुलना केली तर फरक एका पंख्याहून थोडा जास्त आणि टॉपकॉनशी केली तर उणेपुरे तीन एलईडी बल्ब. दहा-बारा वर्षांपूर्वी हा फरक मोठा होता, तेव्हा "उन्हाळ्यात थिन-फिल्म भारी" हे वाक्य खरं होतं. सिलिकॉनवाल्यांनी मधल्या काळात दरी बुजवत आणली, वाक्य मात्र तसंच फिरतंय. ढगाळ, दमट हवेत कॅडमियम टेल्युराइड थोडं बरं चालतं हेही खरं, पण पावसाळ्यात मुळात वीजच कमी, त्यातला थोडा जास्त वाटा मिळून किती मिळणार?

यापेक्षा जास्त वीज एका साध्या गोष्टीने वाचते: पॅनलखालून वारा खेळू द्या. गच्चीपासून उचलून, दक्षिणेकडे तोंड करून, अठरा-वीस अंशांच्या उतारावर बसवलेलं पॅनल पत्र्याला चिकटवलेल्या पॅनलपेक्षा बरंच गार राहतं. आयआयटी मुंबईच्या फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्राने देशभर फिरून पॅनलची पाहणी केली. उष्ण प्रदेशात पॅनल लवकर झिजतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरावरची लहान कामं जास्त झिजलेली असतात, असं त्यात आढळलं. पॅनलची जात निवडताना आपण रात्र रात्र जागतो आणि बसवणाऱ्याची निवड मात्र पाच मिनिटांत करतो.

पायरी 5: छप्पर किती पेलेल?

स्लॅब असेल तर वजनापेक्षा वाऱ्याची काळजी जास्त. कोकणातल्यांना हे सांगायला नको. जून 2020 मधलं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आलं तेव्हा काय काय उडालं ते त्यांनी पाहिलंय. तिथे स्ट्रक्चर गरम जस्त चढवलेलं घ्या आणि पॅनलला खाऱ्या हवेची चाचणी झाल्याचा दाखला मागा.

पत्र्याच्या छपराला मात्र वजनाचा प्रश्न येतो आणि तिथे "थिन-फिल्म हलकं असतं" हे वाक्य हमखास येतं. अर्धंच खरं. थर पातळ आहे, पॅनल नव्हे. कॅडमियम टेल्युराइडचा थर दोन काचांच्या मध्ये असतो. फर्स्ट सोलर या अमेरिकन कंपनीच्या सिरीज 6 चं अडीच चौरस मीटरचं पॅनल साधारण 34 किलो भरतं. तेवढ्याच आकाराचं एका काचेचं मोनो 28-29 किलो. खरं हलकं असतं ते लवचीक सीआयजीएस, थेट पत्र्यावर चिकटवायचं. कारखान्याची मोठी शेड भार सोसणारी नसेल तर त्याचा विचार करावा. घरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर कुठलंच पॅनल चढवू नका आणि माणूस तर नकोच नको.

पायरी 6: इन्व्हर्टरशी जमतंय का?

हे थोडक्यात. इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारं यंत्र. 540 वॉटच्या मोनो पॅनलचं व्होल्टेज साधारण 50 आणि करंट 13-14 अँपिअर. सिरीज 6 थिन-फिल्मचं व्होल्टेज 200 च्या वर आणि करंट अडीच अँपिअर. म्हणजे थिन-फिल्मची दोन-तीन पॅनल जोडली की घरगुती इन्व्हर्टरची मर्यादा आली. पुढची समांतर जोडावी लागतात, त्यासाठी जादा फ्यूज, जादा डबे, जादा केबल. शिवाय काही थिन-फिल्म पॅनलला इन्व्हर्टरच्या प्रकाराबद्दल आणि अर्थिंगबद्दल उत्पादकाच्या खास अटी असतात, त्या मोडल्या तर वॉरंटी जाते. दोन्ही जातींची पॅनल एका माळेत तर कधीच जोडू नका. शेजारी थिन-फिल्मची उरलेली दोन पॅनल फुकट देतोय म्हणून आपल्या माळेत घालणारे लोक मी पाहिलेत.

पायरी 7: सबसिडीचा कागद काय म्हणतो

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिकला 78,000 रुपये मिळतात. त्यासाठी पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं) महावितरणकडून (मुंबईत तुमची जी वीज कंपनी असेल तिच्याकडून). बाजारात भारतीय सेलचं मोनो सहज मिळतं. कॅडमियम टेल्युराइड भारतात बनतं ते फर्स्ट सोलरच्या तमिळनाडूतल्या कारखान्यात, 2024 च्या जानेवारीत उद्घाटन झालेल्या. पण तो माल मुख्यतः मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, सहा पॅनल मागणाऱ्या घरमालकासाठी नाही. केंद्राच्या मान्यताप्राप्त पॅनलच्या यादीत येण्यासाठी 2023 मध्ये किमान कार्यक्षमताही ठरवून दिली गेली: छतासाठी क्रिस्टलाइनला 19.5 टक्के, कॅडमियम टेल्युराइडला 18.5. अमॉर्फसचा विषय तिथेच मिटतो.

वॉरंटी दोन वेगवेगळ्या असतात. पॅनल फुटलं, उकललं, डबा जळला तर उत्पादनाची वॉरंटी, 10-12 वर्षांची. आणि 25 वर्षांनी किती टक्के वीज मिळेल याची दुसरी. विक्रेता मोठ्या अक्षरात दुसरी दाखवतो; कामाला येते ती पहिली.

मग थिन-फिल्म घ्यायचं कुणी?

उष्ण भागात शेकडो एकरांवर प्रकल्प टाकणाऱ्याने जरूर तुलना करावी. इमारतीच्या काचेच्या भिंतीतून वीज काढायची असेल, अर्धपारदर्शक छत हवं असेल, तर थिन-फिल्म शोभतंही आणि जमतंही. वजन न सोसणाऱ्या शेडचं वर आलंच. कॅडमियमचं नाव ऐकून घाबरणाऱ्यांसाठी: टेल्युरियमशी बांधलं गेलेलं कॅडमियम पाण्यात सहज विरघळत नाही आणि दोन काचांत बंद असतं. मोनोच्या डाखकामातही शिसं असतंच. फुटलेलं पॅनल कुठल्याही जातीचं असो, भंगारवाल्याला देऊ नका. 2023 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनल आलेली आहेत.

मेव्हण्याने शेवटी टॉपकॉन घेतलं, 3 किलोवॉट. जिन्याच्या खोलीपासून लांब सरकवून, वाळवणाची जागा आईच्या हट्टाने तशीच ठेवून. बार्शीचं बोअरचं पाणी जड आहे, त्याने धुतलं की काचेवर पांढरे डाग बसतात, म्हणून धुवायला टाकीतलं नळाचं पाणी, तेही सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

एक काम राहिलं. माल येईल त्या दिवशी पॅनल वर चढवण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवरच्या लेबलचा आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा. मॉडेल नंबर कोटेशनशी आणि मान्यताप्राप्त यादीशी ताडून बघा. एकदा बोल्ट आवळले की ते लेबल वाचायला पॅनलखाली उताणं झोपून सरकावं लागतं. मी सरकलोय.